विमलबाईच्या गुडघ्याएवढी गाडी

देवमन पडघान चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता आणि तेवढ्या काळात त्याच्या चाकाखाली एक कुत्रंसुद्धा आलं नाही, असं तो सांगतो. कुत्र्यांना कुणी विचारलेलं नाही. पण डेपोनं बिनअपघाताचा बिल्ला दिला हे खरं. तो बिल्ला घरच्या कपाटात आहे, आणि पाहुणा आला की त्या कपाटाचं दार आपोआप उघडं राहतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माणूस बसमधून उतरलेला नाही. खुर्चीत बसला की पाठ ताठ. जेवायला ताट आलं की दोन्ही हातांनी कडा धरून आधी ते जरासं डावीकडे वळवणार, मग घास. खाटेवरून उतरणार ते उजव्या अंगानंच; लग्नाला गेलेल्या ठिकाणी उजवीकडे भिंत निघाली तर यजमानाला खाट फिरवायला लावतो. कारण सरळ आहे. ड्रायव्हरचं दार उजवीकडे. डावीकडचं दार प्रवाशांचं. तिथं कोण चढलं, कोणाचा पदर अडकला, कोणाची कोंबडी पिशवीतून निसटली, हे खातं कंडक्टरचं. देवमनला त्या दाराची एवढीच ओळख, की ते लागलं की दोन घंट्या वाजतात आणि मग आपण निघायचं.

अशा माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा वाशीमच्या शोरूममध्ये त्यानं इंजिन पाहिलं नाही, मायलेज विचारलं नाही. तो एकेका गाडीत उजवीकडून बसला आणि उतरला.

"ही तं घमेल्यात बसल्यावानी हाये," तो म्हणाला. "मले रस्ता नाई दिसून राह्यला. समोरच्याचं टक्कल दिसलं पायजे."

शेवटी टक्कल दाखवणारी एक पांढरी गाडी मिळाली. ती त्याच्या ऐपतीच्या बाहेर होती, म्हणून त्यानं तिचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं. शोरूमवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, काका, यात मागचा वायपर येत नाही, गाणी येत नाहीत, दारावरची हातात धरायची पकड येत नाही, मागच्या काचा हातानं फिरवायच्या. देवमन प्रत्येक वस्तूला "कायले लागते" म्हणत गेला. उंची मात्र महागड्या मॉडेलएवढीच होती आणि तिचे वेगळे पैसे पडत नव्हते. हा सौदा आपण जिंकलो, असं वाटत तो आपल्या गावी, मेडशीला आला.

आता विमलबाई. देवमनची बायको. देवमन जेवढा उभा, तेवढी ती आडवी, आणि त्याच्या खांद्यापर्यंतही येत नाही. तीस वर्षं निंदणाला उकिडवी बसून तिचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत राहिली. गावात तिचा दरारा आहे तो ब्रेकरमुळे. तिच्या घरापुढून गावातला सिमेंटचा रस्ता जातो, समोर अंगणवाडी आहे. त्या रस्त्यानं पोरं मोटारसायकली अशा हाणायची की पाहणाऱ्याला घेरी यावी. एक दिवस विमलबाईची कोंबडी गेली. ती मेलेली कोंबडी घेऊन विमलबाई ग्रामसभेत बसली आणि ब्रेकर मंजूर झाल्याशिवाय कोंबडी उचलली नाही. दुपारपर्यंत मंजूर झाला. ऊन फार होतं. ठेकेदार दोन बोटं उंच ब्रेकर करत होता, तर बाईनं वीत लावली आणि सिमेंट वाळेपर्यंत तिथं खुर्ची टाकून बसली. कोंबडीचं निमित्त होतं. अंगणवाडी सुटली की लेकरं न पाहता रस्त्यावर पळतात, हे ती ओट्यावरून रोज पाहायची. पण लेकरांसाठी म्हटलं असतं तर ठराव पुढच्या सभेवर गेला असता, एवढं तिला कळत होतं. आजही नव्या पाहुण्याला पत्ता सांगतात तो असाच, विमलबाईच्या ब्रेकरच्या अलीकडचं, पलीकडचं.

गाडी आली त्या दिवशी पेढे वाटले, हार घातला, अर्धं गाव जमलं. देवमन उजवीकडून चढून बसला आणि डावीकडचं दार आतून उघडलं.

"ये विमल," तो म्हणाला. "समोर बस."

या दोन शब्दांमागं चौतीस वर्षं होती. विमलबाई कितीदा तरी त्याच्याच बसनं माहेरी रिसोडला गेली, बाजाराला गेली, दवाखान्यात गेली. पण तिकीट काढून, मागं, जागा मिळेल तिथं. ड्रायव्हरनं घरच्यांशी बोलत गाडी चालवू नये, असा देवमनचा नियम होता. महामंडळाचा नियम एवढा कडक नव्हता. तेव्हा तो म्हणायचा, आपली स्वतःची गाडी आली का तू समोर, माह्या बाजूला.

विमलबाई दाराशी आली. रस्त्यावर सिमेंटाचे थरावर थर चढून तो घरांच्या अंगणांपेक्षा उंच झालेला, ती रस्त्याच्या कडेला खाली उभी, आणि गाडी रस्त्यावर. सीट तिच्या पोटाला लागत होती. तिनं उजवा पाय टाकला. मग तो काढून डावा टाकला. मग सीटचा फोम मुठीत धरून पाहिला. मग पाठमोरी होऊन पाहिलं. अर्धं गाव बघत होतं.

शेजारचे मारोतराव, सोयाबीनचे मोठे कास्तकार आणि त्याहून मोठ्या पोटाचे, म्हणाले, "वहिनी, स्टूल आनू का?"

"स्टुलावर चढून मी पंखा पुसत असतो, मारोतराव," ती म्हणाली. "गाडीत नाई बसत." मग तिनं दार लावून घेतलं आणि नवऱ्याला खिडकीतून शांतपणे सांगितलं, "गाडी चांगली हाये. जरा खाली करून आना."

"गाडी खाली होत नसते."

"शर्टाची बाही होते. साडीचा फॉल होते. चौतीस वर्सं बस चालवली आन् आता बसच घेऊन आले."

हसण्यावारी गेलं असतं, पण पुढच्याच्या पुढच्या रविवारी रिसोडला पल्लवीच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी. सकाळी अकराला भंतेजी येणार, बुद्धवंदना होणार, आणि फीत विमलबाईनं कापायची असं पल्लवीनं ठरवलं होतं. पल्लवीची सासू रूपाबाई. विहिणी-विहिणींचं प्रेम किती, ते सांगायला नको. तिनं फोनवर "हाव, वेळेवर आल्या तं त्याच कापतीन" एवढं शेपूट लावलं होतं. त्यावर विमलबाई बोलून गेली, "आमाले एसटीची वाट नाई पाहा लागत आता. घरची गाडी हाये. समोर बसून येतो." शब्द तोंडातून गेला होता. आता गाडी खाली आल्याशिवाय बाई वर जाणार नव्हती.

देवमननं शोरूमला फोन केला. तिकडून कळलं की असं काही केलं तर गॅरंटी जाते, आणि करायचंच तर पुण्याहून खास स्प्रिंगा मागवाव्या लागतात. त्यांची किंमत ऐकून देवमननं फोन कानापासून लांब धरला, जणू लांबून ऐकलं तर कमी होईल. त्यानं स्वतःचं बजेट ठरवलं. बजेट होतं मारोतरावांचे सहा पोते सोयाबीन, तेही वापस द्यायचे.

त्याआधी त्यानं फुकटचा उपाय केला. चारी चाकांची हवा सोडली. गाडी दोन बोटं खाली आली आणि उरलेली हवा सुटायची थांबली ती विमलबाई ओट्यावरून "गाडीले जुलाब लागले काय" म्हणाली तेव्हा.

मग पोते. सहाच्या सहा डिक्कीत आणि मागच्या सीटवर ठेवले. मागचं अंग झकास बसलं. पण पुढचं तोंड वर झालं, ते असं की गाडी आभाळाकडे पाहून काहीतरी मागते आहे. विमलबाईची सीट पुढची. ती आता आधीपेक्षा चार बोटं उंच झाली.

"मागं रूपाबाईले बसवा," विमलबाई म्हणाली. "तिच्यासाठी बरोबर झाली."

"वजन समोर पायजे," मारोतराव म्हणाले, आणि परोपकाराच्या भरात बोनटवर जाऊन बसले. गाडीनं सुस्कारा टाकला आणि पुढून चांगली वीतभर खाली आली. विमलबाईनं येऊन पाहिलं, पाय टाकून पाहिला, आणि मान हलवली. बरोबर एवढीच पाहिजे.

देवमन मारोतरावांकडे पाहत होता. मारोतरावांनाही तो काय विचार करून राहिला आहे ते कळलं. माणूस चांगला, त्यांनी तो विचार लगेच झिडकारला नाही.

"समोरचं दिसन का तुले पन?" त्यांनी विचारलं.

"तुमी वाकून बसले तं दिसन."

"रिसोडपर्यंत?"

"मालेगावले चहा पिऊ."

"उतरा खाली दोघंबी," विमलबाई म्हणाली, जरी उतरायचं एकालाच होतं.

तेव्हा देवमन हेमसिंगकडे गेला. हेमसिंगचं गॅरेज गावाबाहेर, पातूरच्या बाजूनं. जीप, ट्रॅक्टर, थ्रेशर, एकदा एका नेत्याच्या सभेचा भोंगा, सगळं त्यानं दुरुस्त केलेलं. त्याला कोणत्याही यंत्राबद्दल एकच गोष्ट वाटते, ती म्हणजे कंपनीनं त्यात उगीच काहीतरी जास्तीचं टाकलेलं असतं.

"स्प्रिंगचा वेढा कापतो ना," हेमसिंग म्हणाला. "शहरात पोट्टे शौकानं कापतात. कितीक खाली पायजे?"

देवमननं खिशातून सुतळी काढली. तिला एक गाठ होती. विमलबाई भाकरी थापत उभी असताना त्यानं जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं होतं. त्या वेळी तिनं पीठ लागलेल्या हातानं त्याच्या डोक्यात टपली मारली, पण माप घेऊ दिलं होतं. सीट या गाठीशी आली पाहिजे.

हेमसिंगनं सुतळी गाडीला लावली, मग स्वतःच्या गुडघ्याला लावली, मग म्हणाला, "मामी ठेंगणी हाये."

"तू गाडी काप."

"गॅरंटी जाईन."

"गुडघ्याची तं गेलीच हाये. एक वेढा काप. थोडासाच."

न्हाव्याकडे पोरगं पहिल्यांदा नेलेल्या बापासारखा देवमन बाजूला उभा राहिला. चाकं निघाली, जॅक लागले, ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या. पहिली स्प्रिंग बसवली तर डावी बाजू खाली झाली. मग उजवी कापली. उजवी जरा जास्त झाली. मग डावी पुन्हा. दाढी करताना एक कल्ला लहान झाला की दुसरा, दुसरा लहान झाला की पहिला, आणि शेवटी कल्लेच राहत नाहीत, तसं झालं. पुढची बरोबर झाली तर मागची उंच वाटली. मागची कापली तर पुढची. दिवस मावळायच्या आत गाडी चारी बाजूंनी सारखी झाली आणि जमिनीपासून एका मुठीवर आली. हेमसिंगनं मूठ घालून दाखवली. मूठ निघायला जरा जड गेली.

"पानी पडलं तं काय होईन?" देवमननं विचारलं.

"तरंगन," हेमसिंग म्हणाला, आणि कापलेले वेढे एका पिशवीत भरून दिले, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर खडे देतो तसे.

पातूरच्या बाजूनं आलं की देवमनचं घर ब्रेकरच्या अलीकडे लागतं. हे ध्यानात ठेवा. देवमननं ठेवलं नाही. त्याच्या डोक्यात ब्रेकर नव्हताच. बसच्या उंचीवरून चौतीस वर्षं त्याला ब्रेकर म्हणजे प्रवाशांच्या तोंडून निघणारा एक आवाज, एवढंच माहीत होतं.

रविवार उगवला. विमलबाईनं मोरपंखी साडी नेसली, हातात पल्लवीसाठी बुद्धाच्या तसबिरीचं पार्सल घेतलं आणि दाराशी आली. वळली, टेकली, बसली. चुलीपुढच्या पाटावर बसावं तशी. पाय आत घेतले, पदर आत घेतला, दार लावलं. मारोतराव ओट्यावरून बघत होते. त्यांनी मान डोलावली.

"जमलं," विमलबाई म्हणाली.

"जमलं ना?" देवमन म्हणाला.

त्यानं सवयीनं दोन घंट्यांची वाट पाहिली, मग स्वतःशीच हसला आणि गाडी सोडली. विमलबाई समोरच्या काचेतून गाव बघत होती. गाव जरा उंच दिसत होतं, लोकांचे गुडघे जास्त आणि तोंडं कमी, पण ती बाजूला बसली होती. चौतीस वर्षांचं कबूल केलेलं त्यानं पुरं केलं. ते साधारण चाळीस फूट टिकलं.

पुढची चाकं ब्रेकर चढली, उतरली, आणि गाडी पोटावर बसली. खालून दगडावर पाटा घासल्यासारखा आवाज आला. देवमननं रेस दिली. चाकं हवेत फिरली. मागे घेतली. चाकं हवेत उलटी फिरली. एवढ्या कष्टानं खाली आणलेली गाडी आता विमलबाईच्या वीतभर ब्रेकरवर खाटेसारखी पडली होती.

"जरा उतर," देवमन म्हणाला. "हलकी झाली का निघन."

विमलबाईनं दार उघडलं, पाय बाहेर ठेवले आणि उठायला गेली. उठली नाही. पुन्हा गेली. पाटावर बसणं सोपं असतं. गुडघे गेलेल्या माणसानं पाटावरून उठायचं तर चुलीच्या बाजूची भिंत धरावी लागते. इथं धरायला होतं काय? फोम.

देवमननं धावत येऊन हात ओढला. मारोतरावांनी दुसरा ओढला.

"हात निघून येतीन," विमलबाई म्हणाली, "मी अठीच राहीन. सोडा."

साडेआठ झाले होते. तेवढ्यात मागून आतल्या खेड्यांतून येणारी रिसोडची एसटी आली आणि ब्रेकरच्या मागे थांबली. हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजता वाजता थांबला, कारण ड्रायव्हरनं देवमनला ओळखलं. रवी. देवमनच्याच हाताखाली शिकलेला.

तो खाली उतरला. "जयभीम उस्ताद. हे काय करून राह्यले?"

"रिसोडले जाऊन राह्यलो."

रवीनं वाकून गाडीच्या खाली पाहिलं. मग सरळ होऊन, हसू येऊ नये म्हणून आपल्या बसच्या टायरला लाथ मारून हवा पाहिली. "काकू, जयभीम."

"जयभीम बापू. बस."

बसमधले प्रवासी उतरले. आता रस्त्यावर तीस माणसं होती आणि तीसही माणसं इंजिनिअर होती. एक म्हणाला तेल काढा. एक म्हणाला दार काढा. एका म्हातारीनं विमलबाईला पान दिलं. विमलबाई सीटवर बसून, पाय रस्त्यावर टाकून, पान खात एकेकाची विचारपूस करत होती. कोणाची सून आली का, कोणाचा निकाल लागला का. तिला भेटायला लोक गाडीशी रांगेनं वाकत होते.

मारोतराव तोवर घरून लोखंडी सब्बल घेऊन आले. "देवमनभाऊ, ब्रेकरच फोडतो ना. दहा मिनिटाचं काम. सरपंचाले मी सांगतो."

उपाय खरंच चांगला होता. ब्रेकर फुटला की गाडी सुटणार, अकराला रिसोड, फीत, रूपाबाईचं तोंड. देवमननं बायकोकडे पाहिलं.

विमलबाईनं पान गालात सारलं. अंगणवाडीचं दार समोर बंद होतं, रविवार होता. तिनं त्या दाराकडे एकदा पाहिलं.

"ब्रेकरले कोनी हात लावू नका," ती म्हणाली. "उद्या सोमवार हाये."

"अवं पन फीत..."

"कापू दे रूपाले. तिच्या हातालेबी कैची शोभन." हे बोलताना तिचा आवाज जरा घसरला. देवमननं तो ऐकला. चौतीस वर्षांत त्यानं घाटातसुद्धा एवढी धास्ती खाल्ली नव्हती.

"रवी," तो म्हणाला, "डाव्या अंगाले आठ मानसं लाव. गाडी उचला."

"काकूसंग?"

"काकूसंगच."

आठ माणसांनी डावी बाजू धरली. देवमननं बिल्ला मिळवलेल्या आवाजात एक, दोन, तीन म्हटलं. गाडी डावीकडून वर आली, सीट वर आली, विमलबाई वर आली, गाडी शोरूममधून जेवढी उंच आली होती अगदी तेवढीच. तिचे पाय लोंबकळले, मग सरळ जमिनीला लागले, आणि ती गुडघा न वाकवता नुसती पुढे सरकून उभी राहिली. तिच्यासाठी खाली केलेल्या गाडीतून ती बाहेर आली, ती गाडी परत वर केली तेव्हा. हे सगळ्यांना दिसलं. कुणी बोललं नाही, कारण आठ जणांच्या हातात अजून गाडी होती.

मग सगळ्यांनी रेटून गाडी ब्रेकरवरून उतरवली आणि कडेला लावली. खालचा तेलाचा चेंबर फुटून काळं तेल ठिपकत होतं. पावणेनऊ.

"चला, चला, लेट झाला," कंडक्टर ओरडला. प्रवासी चढू लागले. आणि देवमन पाहत राहिला, कारण विमलबाईही त्यांच्यात चालत होती. बसच्या दाराशी ती पोचली. पहिली पायरी तिच्या मांडीशी होती, गाडी कापायच्या आधीच्या सीटएवढीच म्हणा ना. तिनं पार्सल काखेत मारलं, डाव्या हातानं दाराजवळचा लोखंडी दांडा धरला, उजव्यानं दुसरा, आणि एक, दोन, तीन पायऱ्या चढून वर गेली. कुणी धरलं नाही, कुणी ढकललं नाही.

देवमन दाराखाली येऊन उभा राहिला. "तू चढली?"

"मंग काय उडत गेली?"

"गाडीत तं चढत नव्हती."

"गाडीत धरायले काय हाये?" ती वरून म्हणाली. "दांडा पायजे दांडा. चौतीस वर्सं याच दांड्यानं चढली ना मी तुमच्या गाडीत. तुमी कधी पाह्यलं?"

"आरशात पाहत होतो," देवमन म्हणाला.

"आरशात चढल्यावर दिसते."

देवमनला शोरूममधला माणूस आठवला. दारावरची पकड येत नाही, काका. कायले लागते. त्यानं हातातली चावी मारोतरावांना दिली. मारोतरावांना गाडी चालवता येत नाही, पण ते म्हणाले, काळजी करू नका, मी गाडीत बसून राखन करतो. आणि देवमन पहिल्यांदाच डावीकडच्या दारानं एसटीत चढला. पहिल्या पायरीवर त्याचा पाय चुकला. त्यानंही दांडा धरला.

दाराजवळची दोन माणसांची सीट रवीनं मोकळी करून दिली होती. विमलबाई खिडकीशी, देवमन बाजूला.

"बाईचं अर्धं, तुमचं पुरं," कंडक्टर म्हणाला.

"माहा पास हाये."

"दाखवा."

पास घरी, दुसऱ्या शर्टात. आयुष्यभर जी एसटी हाकली तिचं तिकीट देवमननं पहिल्यांदा काढलं, पुरं. विमलबाईनं आपलं अर्धं तिकीट त्याच्या पुऱ्या तिकिटाशेजारी धरून पाहिलं आणि दोन्ही पर्समध्ये ठेवली. दार लागलं. दोन घंट्या झाल्या. रिसोडपर्यंत दर ब्रेकरला देवमनचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता.

"तुमीच चालवून राह्यले काय?" ती म्हणाली.

"रवी उशिरा दाबते."

"दाबू द्या. तुमी खिडकीतून पाहा."

तिनं खिडकीतून काय काय पाहायचं असतं ते दाखवलं. हे शेत कोणाचं, ही विहीर कोणत्या साली खोदली, या फाट्यावर पल्लवी पोटात असताना ती कशी तासभर उभी होती आणि त्याची बस न थांबता गेली. भरलेली होती, असं देवमन म्हणाला. ते तिला मान्य नव्हतं, अजूनही नाही.

पोचले तेव्हा अकराला सात कमी होते. रूपाबाई दारात उभी, कैची तिच्या हातात, धार पाहते आहे अशी. विमलबाईनं आधी पार्सल दिलं, मग हात पुढे केला आणि कैची घेतली. वंदना झाली, फीत कापली. एका झटक्यात, धार रूपाबाईनं चांगली पाहिली होती.

"घरच्या गाडीनं येनार होत्या ना?" रूपाबाई म्हणाली. "गाडी कुठी हाये?"

"गावातच ठेवली," विमलबाई म्हणाली. "राखनदारासंग."

संध्याकाळी दोघं परतले तेव्हाही राखणदार गाडीतच होते. मारोतराव पुढच्या सीटवर सकाळी बसले ते बसलेच. उठता आलं नव्हतं. हाक मारायची लाज वाटली म्हणून त्यांनी दुपारचं जेवण आणि चारचा चहा दोन्ही तिथंच मागवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आरामात हाये" असं सांगितलं. त्यांना काढायला पुन्हा आठ माणसं लागली. काही म्हणतात दहा.

कापलेले वेढे जोडता येत नाहीत, हे हेमसिंगनं पिशवी उघडून मान्य केलं. चेंबर त्यानं जोडून दिला, आणि एका भंगार जीपच्या स्प्रिंगा बसवून दिल्या, त्यामुळे गाडी आता होती त्याहूनही उंच आहे. आत बसल्या बसल्या मारोतरावांच्या गोठ्यावरचे पत्रे मोजता येतात. डाव्या दाराच्या आत एक लोखंडी दांडा आहे, एका मोडीत काढलेल्या बसचा, जुना पिवळा रंग अजून कुठंकुठं लागलेला. पांढऱ्या गाडीत तो दुरूनही दिसतो.

बाजाराच्या दिवशी देवमन आधी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येतो आणि विमलबाई चढेपर्यंत उभा राहतो. धरत नाही, धरलं की ती हात झटकते. नुसता उभा राहून पाहतो, कोणता पाय आधी, कोणता हात कुठं. मग तो उजवीकडे जाऊन बसतो, आणि चावी फिरवण्याआधी थांबतो. विमलबाई पदर आत घेते, दार ओढते, बोटाच्या पेरानं डॅशबोर्डावर दोनदा टकटक करते, आणि गाडी निघते.